विश्लेषण : बॅटरीतले शिसे परत येते, मग मोबाइलमधले सोने का येत नाही?

नांदेडहून अर्धापूरमार्गे आलेला रस्ता वारंगा फाट्यावर दुभंगतो. एक रस्ता कळमनुरी, हिंगोली करत अकोल्याकडे जातो, तर दुसरा उमरखेड, यवतमाळमार्गे नागपूरकडे. हिंगोली जिल्ह्यातल्या या फाट्यासारख्या ठिकाणीच आसपासच्या गावांतले भंगार एकत्र होते आणि तिथून मोठ्या शहरांची वाट धरते. पूर्वी त्यात नांगराचे फाळ, पत्रे आणि सायकलीचे सांगाडे असत. आता इन्व्हर्टरच्या बॅटऱ्या, फवारणी पंप, फुटलेले मोबाइल आणि जळालेले चार्जर असतात. अशा कचऱ्यातून मौल्यवान धातू परत मिळवण्यासाठी केंद्र सरकारने ३ सप्टेंबर २०२५ रोजी दीड हजार कोटी रुपयांची योजना मंजूर केली. हा पैसा फाट्यावरच्या भंगारापर्यंत पोहोचणार का, यावर योजनेचे यश बरेचसे अवलंबून आहे.

देशात असा कचरा किती?

संयुक्त राष्ट्रांशी संलग्न संस्थांच्या २०२४ मधील अहवालानुसार २०२२ मध्ये जगात ६.२ कोटी टन इलेक्ट्रॉनिक कचरा तयार झाला. त्यातला जेमतेम २२.३ टक्के नोंदणीकृत मार्गाने गोळा होऊन त्याचा पुनर्वापर झाला. कचऱ्याच्या प्रमाणात चीन आणि अमेरिकेनंतर भारताचा क्रमांक लागतो. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या आकडेवारीनुसार देशात २०१९-२० मध्ये सुमारे दहा लाख टन ई-कचरा होता, तो २०२३-२४ मध्ये साडेसतरा लाख टनांवर गेला.

हा कचरा म्हटले की पुण्या-मुंबईतल्या संगणकांचे ढीग डोळ्यांपुढे येतात. पण शेतातलाही ई-कचरा असतो आणि तो वाढतो आहे. पाठीवरचा बॅटरी पंप, रानडुकरांना अडवण्यासाठी बांधावर लावलेले झटका मशीन आणि त्याची १२ व्होल्टची बॅटरी, मोटारीचा स्टार्टर, मोबाइलवरून मोटार चालू करणारे यंत्र, सौर पंपाचा कंट्रोलर ही सगळी त्याचीच उदाहरणे. पंपाची किंवा झटका मशीनची बॅटरी दोन-तीन हंगामांत दम तोडते, आणि नंतर ती बहुधा गोठ्याच्या कोपऱ्यात पडून राहते.

कोणता धातू कुठे जातो?

लोखंडाची वाट सरळ आहे. मराठवाड्यात जालन्याच्या पोलाद कारखान्यांच्या भट्ट्या भंगारावर चालतात, त्यामुळे लोखंडाला गिऱ्हाईक कायम असते. तांब्याचेही तसेच. जळालेल्या मोटारीची तार रिवाइंडिंगवाला वजनावर घेतो आणि तिचा भाव शेतकऱ्यालाही तोंडपाठ असतो. ही तार मुद्दाम कोणी फेकत नाही, उलट चोरीला जाते.

तिसरा धातू शिसे. इन्व्हर्टरची दीडशे अँपिअर-तासाची बॅटरी पन्नास-साठ किलोची असते. त्यात तीसेक किलो शिसे आणि शिशाची संयुगे असतात, बाकीचे पातळ सल्फ्युरिक आम्ल आणि प्लास्टिक. नवी घेताना जुनीचे पैसे वजा होतात, म्हणून ती घरात पडून राहत नाही. जगात वापरल्या जाणाऱ्या शिशापैकी ऐंशी टक्क्यांहून अधिक बॅटऱ्यांतच जाते. तेच शिसे वितळवून पुन:पुन्हा नवी बॅटरी करता येते. पुनर्वापराचे आदर्श उदाहरण म्हणून शिसे-आम्ल बॅटरीकडे बोट दाखवले जाते ते यामुळेच.

या तिन्ही धातूंमध्ये एक साम्य आहे. ते डोळ्यांना दिसतात, तराजूवर तोलता येतात आणि विकणाऱ्याला त्यांचा भाव ठाऊक असतो. मोबाइलमधले सोने किंवा लिथियम बॅटरीतले कोबाल्ट यात बसत नाही.

मग शिशाचे सगळे ठीक चालले आहे का?

नाही. बॅटरी परत येते हे खरे, पण ती कुणाच्या हाती जाते हा प्रश्न उरतोच. तांबे वितळायला १,०८५ अंश सेल्सिअस तापमान लागते, लोखंडाला १,५३८. शिसे मात्र अवघ्या ३२७ अंशांवर वितळते. हळद उकडायला पेटवतात तसल्या लाकडाच्या जाळावरही त्याचे पाणी होते. त्यामुळे शिशाची भट्टी टाकायला ना मोठे भांडवल लागते ना विशेष ज्ञान. कढई, जळण आणि आडोशाची जागा असली की काम भागते.

परवानाधारक कारखान्याला धूर गाळण्याची यंत्रणा बसवावी लागते, आम्ल निकामी करावे लागते, कामगारांच्या रक्तातले शिसे तपासावे लागते, कर भरावा लागतो. चोरट्या भट्टीला यातले काहीच नसते, म्हणून ती जुन्या बॅटरीला किलोमागे चार पैसे जास्त देऊ शकते. भंगारवाला जास्त देणाऱ्याला विकतो, त्यात त्याचे काही चुकले असेही म्हणता येत नाही. बाजाराची रचनाच अशी आहे की जो प्रदूषण करतो त्याला माल आधी मिळतो.

याची किंमत भट्टीजवळ राहणारे मोजतात. बॅटरी फोडताना आम्ल जमिनीत ओतले जाते आणि त्याबरोबर शिशाचे कण जातात. धुरातले शिसे आसपासच्या मातीवर, पत्र्यावर आणि वाळत घातलेल्या कपड्यांवर बसते. हा धातू कुजत नाही, उडून जात नाही. भट्टी बंद झाली तरी माती तशीच राहते. रांगणारी, मातीत खेळणारी मुले हात तोंडात घालतात आणि प्रौढांपेक्षा त्यांच्या शरीरात शिसे कितीतरी अधिक शोषले जाते. मेंदूच्या वाढीवर त्याचा होणारा परिणाम भरून येत नाही. रक्तातील शिशाची सुरक्षित म्हणावी अशी कोणतीही पातळी माहीत नाही, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. युनिसेफ आणि ‘प्युअर अर्थ’ या संस्थेने २०२० मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालात जगातल्या ८० कोटी मुलांच्या रक्तात शिशाचे प्रमाण चिंताजनक असल्याचा अंदाज मांडला होता. त्यातली सुमारे साडेसत्तावीस कोटी मुले भारतातली. कारणे अनेक असली, तरी बॅटऱ्यांचे बेकायदा पुनर्चक्रण हे त्यातले प्रमुख कारण या अहवालाने नोंदवले.

हिंगोली, वसमत हा हळदीचा पट्टा आहे. हळद जमिनीत वाढते आणि उकडल्यावर जमिनीवरच वाळत घातली जाते. मसाल्यांतल्या शिशावर देशात आणि परदेशांत मर्यादा आहेत. अशा मुलखात बॅटरी फोडण्याचा धंदा शेताच्या बांधापासून दूर ठेवणे हे आरोग्याइतकेच बाजारभावाचेही काम ठरते.

मोबाइलमधले सोने किती आणि ते मागे का राहते?

एका स्मार्टफोनमध्ये साधारण दोन-तीन शतांश ग्रॅम सोने असते. म्हणजे एक तोळा सोने जमायला तीनशेहून अधिक फोन लागतील. ऐकायला हे फारच कमी वाटते. पण कर्नाटकात रायचूर जिल्ह्यातल्या हट्टीच्या खाणीत एक टन खडक फोडून हाती लागते ते सोने काही ग्रॅममध्येच मोजले जाते. बॅटरी काढलेल्या एक टन मोबाइल फोनमध्ये त्याच्या कितीतरी पट सोने असते. ‘शहरी खाण’ हा शब्द त्यावरूनच रूढ झाला. शिवाय सोन्याचा भाव २०२५ मध्ये तोळ्याला लाखाच्या पुढे गेल्याने हे गणित आणखी आकर्षक झाले.

अडचण अशी की एका गावात असे तीनशे फोन एकत्र येत नाहीत. ते तीनशे घरांच्या तीनशे कपाटांत असतात. लोखंडाच्या तराजूवर मोबाइलला किंमत नाही, म्हणून तो विकावा असे कुणाला वाटत नाही. जो घ्यायला येतो तो भोंगा लावून फिरणारा, जुन्या मोबाइलच्या बदल्यात भांडी नाही तर प्लास्टिकचा टब देणारा. त्याच्याकडून फोन पुढे कुठे जातो, हे देणाऱ्याला कळत नाही. शेजारच्या तेलंगणात ऑगस्ट २०२४ मध्ये पोलिसांनी असे गावोगाव फिरून गोळा केलेले हजारो फोन पकडले होते. ते सायबर फसवणुकीसाठी वापरले जाणार असल्याचा संशय होता.

जे सर्किट बोर्ड शहरातल्या गल्लीबोळांत पोहोचतात, तिथे ते आम्लात बुडवून सोने काढले जाते. दिल्लीतील सीलमपूर आणि उत्तर प्रदेशातील मुरादाबाद ही नावे त्यासाठी कुप्रसिद्ध आहेत. ही पद्धत घातक तर आहेच, शिवाय उधळीही आहे. बंगळूरमधील अशा कारागिरांच्या पद्धतीची वीसेक वर्षांपूर्वी अभ्यासकांनी तपासणी केली, तेव्हा बोर्डातल्या सोन्यापैकी जेमतेम चौथा हिस्सा त्यांच्या हाती लागत असल्याचे आढळले. आधुनिक धातू कारखान्यात हेच प्रमाण ९५ टक्क्यांच्या आसपास असते. उरलेले सोने सांडपाण्याबरोबर गटारात जाते, आणि पॅलेडियमसारखे धातू तर मोजलेही जात नाहीत.

लिथियम बॅटरीचे काय?

इथे प्रश्न वेगळाच आहे. मोबाइल, लॅपटॉप किंवा विजेवरच्या दुचाकीची बॅटरी आधी पूर्ण डिस्चार्ज करतात, मग हवाबंद यंत्रात तिचा चुरा करतात. लोखंड, तांबे आणि ॲल्युमिनियम वेगळे केले की काळी पूड उरते. तिला ‘ब्लॅक मास’ म्हणतात. लिथियम, निकेल, कोबाल्ट, मँगनीज आणि ग्रॅफाइट या पुडीत असतात. ती आम्लात विरघळवून रसायनांच्या साह्याने एकेक धातू वेगळा काढावा लागतो. खरी कमाई या शेवटच्या टप्प्यात आहे आणि आपण नेमके तिथेच कमी पडतो. चुरा करणारे कारखाने देशात उभे राहिले, पण तयार झालेल्या पुडीचा बराचसा भाग शुद्धीकरणासाठी परदेशात जात आला आहे. म्हणजे कचरा आपला, धूळ आपली आणि धातू दुसऱ्याचा.

दुसरा पेच बॅटरीच्या जातीचा. स्वस्त आणि आग लागण्याचा धोका कमी म्हणून ई-रिक्षा, सौर दिवे, नवे लिथियम इन्व्हर्टर आणि अनेक वाहनांत लिथियम-लोह-फॉस्फेट बॅटऱ्या येऊ लागल्या. त्यांत कोबाल्ट आणि निकेल नसते. ग्राहकासाठी ही चांगली गोष्ट, पण पुनर्चक्रण करणाऱ्यासाठी त्यात काढण्यासारखा महाग धातू उरत नाही. अशी बॅटरी वारंग्याहून पाचशे-सहाशे किलोमीटरवरच्या मुंबई परिसरातल्या कारखान्यात न्यायची, तीही पेट घेणार नाही अशा बंदोबस्तात, तर वाहतुकीचाच खर्च धातूच्या किमतीवर चढतो. इथे बाजार आपोआप काम करणार नाही. कुणीतरी पैसे द्यावे लागतील, आणि कायद्याने ती जबाबदारी उत्पादकावर टाकली आहे.

कायदा नेमके काय सांगतो?

बॅटरी कचरा व्यवस्थापन नियम ऑगस्ट २०२२ मध्ये आले. त्यांनी २००१ पासूनच्या, फक्त शिशाच्या बॅटरीपुरत्या असलेल्या नियमांची जागा घेतली आणि सर्व प्रकारच्या बॅटऱ्या कक्षेत आणल्या. ई-कचऱ्याचे नवे नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू झाले. त्यांत १०६ प्रकारच्या वस्तू आहेत. दोन्हींचा पाया एकच, तो म्हणजे विस्तारित उत्पादक जबाबदारी. ज्या कंपनीने वस्तू विकली, तिने ठरावीक प्रमाणात जुन्या मालाचे पुनर्चक्रण झाल्याचे दाखवायचे. ई-कचऱ्यासाठी हे उद्दिष्ट २०२३-२४ मध्ये ६० टक्के होते, २०२५-२६ पासून ७० टक्के आणि २०२७-२८ पासून ८० टक्के आहे.

कंपनी स्वतः जुने फ्रिज गोळा करत बसत नाही. नोंदणीकृत पुनर्चक्रण कारखाना किती सोने, तांबे, ॲल्युमिनियम आणि लोखंड काढले, त्या हिशेबाने त्याला केंद्रीय मंडळाच्या पोर्टलवर प्रमाणपत्रे मिळतात आणि कंपन्या ती विकत घेतात. ही प्रमाणपत्रे कवडीमोलाने विकली जाऊ नयेत म्हणून सरकारने किमान दर ठरवला. घरगुती इलेक्ट्रॉनिक वस्तूंसाठी तो किलोला २२ रुपये आहे. हा खर्च फार वाढल्याची तक्रार घेऊन २०२५ मध्ये सॅमसंग, एलजी, डायकिन यांसारख्या कंपन्या दिल्ली उच्च न्यायालयात गेल्या.

कंपन्यांचा आक्षेप समजू शकतो, पण २२ रुपये जास्त की कमी यापेक्षा ते कुणाला मिळतात हे पाहायला हवे. पैसा कारखान्याच्या दारात येतो. तिथून तो मोठ्या व्यापाऱ्याकडे, मग जिल्ह्याच्या ठिकाणच्या भंगार गोदामात आणि शेवटी फाट्यावर झिरपेल अशी अपेक्षा आहे. झिरपण्याची सक्ती मात्र कुठेच नाही. उलट २०१६ च्या नियमांत संकलन केंद्र, सुटे भाग करणारे आणि उत्पादकांच्या वतीने कचरा गोळा करणाऱ्या संस्था यांना स्वतंत्र स्थान होते. २०२२ च्या नियमांत नोंदणी फक्त निर्माता, उत्पादक, दुरुस्त करून विकणारा आणि पुनर्चक्रण करणारा या चौघांची. प्रक्रिया सुटसुटीत व्हावी हा हेतू होता. त्यात गोळा करणारा हात मात्र कागदावरून गेला.

कारखान्याला प्रमाणपत्रासाठी खरेदी-विक्रीची पक्की बिले दाखवावी लागतात. फाट्यावरच्या दुकानदाराकडे सहसा जीएसटी क्रमांक नसतो, कारण उलाढाल त्या मर्यादेत येतच नाही. त्यामुळे त्याचा माल मधल्या दोन-तीन व्यापाऱ्यांच्या हातांतून ‘पक्का’ होत जातो आणि प्रत्येक हात आपला हिस्सा ठेवतो. कागद नीट असले की सगळे ठीक, असेही नाही. प्लास्टिक कचऱ्याच्या अशाच प्रमाणपत्र योजनेत २०२३ मध्ये सहा लाखांच्या घरात बनावट प्रमाणपत्रे उघड झाली होती, त्यांत महाराष्ट्रातले कारखानेही होते.

राज्य सरकारांवर या नियमांनी काही कामे सोपवली आहेत. औद्योगिक वसाहतींत सुटे भाग करण्यासाठी जागा किंवा शेड देणे, या कामातल्या मजुरांची नोंदणी आणि प्रशिक्षण करणे, त्यांचे गट उभे करणे. स्थानिक स्वराज्य संस्थांनी घनकचऱ्यात आलेल्या ई-वस्तू वेगळ्या काढून नोंदणीकृत कारखान्याकडे पाठवायच्या आहेत. पुण्यात कचरावेचकांच्या ‘स्वच्छ’ या सहकारी संस्थेसारखी यंत्रणा असल्याने घराघरांतून ई-कचरा घेणे जमते. मराठवाड्यातल्या तालुक्यांच्या गावी असे बळ कुणाकडे नाही.

दीड हजार कोटींची योजना कोणासाठी?

लिथियम, कोबाल्ट आणि निकेलसाठी भारत जवळपास पूर्णपणे आयातीवर अवलंबून आहे. चीनने एप्रिल २०२५ मध्ये दुर्मीळ मृदा धातूंच्या निर्यातीवर निर्बंध आणले, तेव्हा वाहन कंपन्यांची धावपळ झाली. खाण सुरू व्हायला वर्षानुवर्षे लागतात, कचरा आजच हाताशी आहे. या विचारातून राष्ट्रीय क्रिटिकल मिनरल मिशनअंतर्गत ही योजना आली. ती २०३०-३१ पर्यंत चालेल. यंत्रसामग्रीवर २० टक्के भांडवली अनुदान आणि विक्री वाढवणाऱ्यांना चालू खर्चासाठी मदत असे तिचे स्वरूप आहे. वर्षाला २ लाख ७० हजार टन पुनर्चक्रण क्षमता आणि त्यातून ४० हजार टन महत्त्वाची खनिजे, असे लक्ष्य आहे. एकूण रकमेचा एक तृतीयांश भाग लहान आणि नव्या उद्योगांसाठी राखीव आहे.

योजनेचा भर प्रत्यक्ष धातू वेगळा काढणाऱ्यांवर आहे, नुसती काळी पूड करणाऱ्यांवर नाही. हे योग्यच आहे. पण अनुदान पुन्हा यंत्राला आहे, गोळा करण्याला नाही. २०२५-२६ च्या अर्थसंकल्पात लिथियम बॅटरीच्या भंगारावरील आयात शुल्कही माफ झाले. त्यामुळे बंदराजवळच्या कारखान्याला परदेशातून कंटेनरभर भंगार आणणे सोपे आणि हिंगोलीहून दोन पोती बॅटऱ्या आणणे अवघड, असे चित्र तयार होऊ शकते.

दुसऱ्या देशांनी हे कसे सोडवले?

जपानचे उदाहरण नेहमी दिले जाते, ते पदकांमुळे. टोकियो ऑलिम्पिकची सुमारे पाच हजार पदके जुन्या उपकरणांतल्या धातूंपासून घडवली. एप्रिल २०१७ ते मार्च २०१९ या काळात सुमारे ७९ हजार टन उपकरणे गोळा झाली, त्यांत ६२ लाख मोबाइल होते. त्यातून ३२ किलो सोने आणि साडेतीन हजार किलो चांदी मिळाली. सोन्याच्या आकड्यापेक्षा गोळा करण्याची रीत पाहण्यासारखी आहे. देशातल्या नव्वद टक्क्यांहून अधिक नगरपालिका आणि गावे त्यात उतरली, मोबाइल कंपनीच्या दुकानांत पेट्या ठेवल्या गेल्या. वस्तू जिथून विकत घेतली तिथेच परत टाकता आली.

आपल्याकडे ही रीत शिशाच्या बॅटरीने आधीच शिकवली आहे. जुनी द्या, पैसे वजा करा. बॅटरी नियमांत उत्पादकांना अशी परतफेड किंवा अनामत योजना राबवण्याची मुभा आहे. लिथियम बॅटरी आणि मोबाइललाही ती लागू झाली, तर फाट्यावरच्या मोबाइल दुकानदारालाच संकलन केंद्र होण्यात रस वाटेल.

घरातल्या जुन्या बॅटरीचे काय करावे?

इन्व्हर्टरची किंवा ट्रॅक्टरची बॅटरी कंपनीच्या अधिकृत विक्रेत्याकडेच बदलून घ्यावी आणि जुनीचे पैसे वजा केल्याची नोंद पावतीवर मागावी. दोनशे-तीनशे रुपये जास्त मिळतात म्हणून दारात आलेल्याला देऊ नये. बॅटरीतले पाणी घरी कधीच ओतू नये. जुना मोबाइल देण्याआधी सिम आणि मेमरी कार्ड काढून फोन रीसेट करावा, आणि तो भांडीवाल्याऐवजी कंपनीच्या सेवा केंद्रात द्यावा. नांदेड-हिंगोलीला जाणे होईल तेव्हा बरोबर नेला तरी चालतो, तो नासणारा माल नाही.

फुगलेली लिथियम बॅटरी मात्र ठेवून देऊ नये. ती टोचू नये, दाबू नये, चार्जिंगला लावू नये. टोकांना चिकटपट्टी लावून पत्र्याच्या डब्यात कोरड्या वाळूत, घरापासून दूर ठेवावी आणि लवकरात लवकर सेवा केंद्राला द्यावी. घंटागाडीत टाकल्यास कचरा दाबताना ती पेट घेऊ शकते.

आणि सौर पंपांचे पॅनल?

ते ई-कचऱ्याच्या नियमांत आहेत. पॅनलचे आयुष्य सुमारे २५ वर्षांचे असते, म्हणून तूर्त उत्पादकांनी हा कचरा २०३४-३५ पर्यंत नुसता साठवून ठेवायचा आहे. त्यात चांदी, तांबे आणि सिलिकॉन असते. महाराष्ट्रात सौर कृषिपंपांची संख्या लाखांत गेली असून वादळात किंवा गारपिटीत फुटलेले पॅनल आत्ताच शेतांत पडू लागले आहेत. ते शेतातून उचलून साठ्यापर्यंत कुणी आणि कुणाच्या खर्चाने न्यायचे, याची व्यवस्था गावपातळीवर अजून उभी राहिलेली नाही.